हरळीची नवलकथा

श्रीरामपूर भागातल्या कुठल्याही ऊसवाल्या शेतकऱ्याला विचारा, रानातला सगळ्यात चिवट शत्रू कोण? हुमणीचं नाव निघेल, लोकरी माव्याचं निघेल. पण खुरपणीची मजुरी पदरची मोजणारा माणूस आणखी एक नाव हमखास घेईल: हरळी. खुरपावी तर थोड्याच दिवसांत पुन्हा डोकं वर काढते. नांगरावी तर फाळाखाली तिचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा नव्या जागी फुटतो. उन्हाळ्यात वाळून भुगा झाल्यासारखी दिसते, आणि वळवाच्या दोन सरी पडल्या की आठवड्यात बांध हिरवा!

आता नजर जरा लांब न्या. अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना राज्य. स्कॉट्सडेल शहराच्या उत्तरेचा उंच, वाळवंटी भाग. वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस, सगळीकडे खडक आणि पुरुषभर उंचीच्याही वर गेलेले निवडुंग. या उजाड माळावर अचानक हिरवळ दिसते. एखाद्या खासगी कंट्री क्लबचं १८ होलचं गोल्फचं मैदान! सभासद होण्यासाठी लोक मोठमोठ्या रकमा मोजतात, आणि मैदानाची निगा राखायला शिकलेली माणसं दिवसरात्र राबतात. ज्या गवतासाठी हे सगळं चाललंय, ते गवत कोणतं?

हरळी! अमेरिकेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, शास्त्रज्ञ सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. मैदानावर असतात त्या तिच्या निवडक, संकरित जाती. पण कूळ तेच, जे तुमच्या बांधावर पसरलंय आणि भाद्रपदात दूर्वांची जुडी होऊन गणपतीच्या मस्तकावर चढतं.

शेतातलं तण, पूजेतली दूर्वा आणि जगातल्या सर्वांत महागड्या हिरवळींपैकी एक. एकाच गवताच्या अंगी हे सगळं आलं कुठून? आणि पाऊस नसलेल्या पठारावर ते हिरवं राहतं तरी कसं?

या प्रश्नाचं मोल श्रीरामपूरकरांना वेगळं सांगायला नको. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर श्रीरामपूर, आणि इथे पडतो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. जिल्हा एकच, पाऊस दहावा हिस्सा! ढग सह्याद्री चढताना आपलं पाणी पश्चिमेलाच सांडून येतात. म्हणून तर इंग्रजांच्या काळात, १९१० मध्ये, भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. तिकडचा पाऊस साठवायचा आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी इकडे आणायचा. आजही आवर्तन सुटलं की या भागात बातमी होते.

गोल्फचा जन्म मात्र नेमक्या उलट्या हवेत झाला. स्कॉटलंडचा समुद्रकिनारा: गार वारा, बारमाही भुरभुर आणि वाळूच्या टेकड्यांवर आपोआप उगवलेलं बारीक गवत. ते कापायला माणूस लागत नसे, मेंढ्या चरून ते आखूड ठेवत. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या वाळूत बसत, तिथे खड्डे पडत. आज मैदानावर मुद्दाम जे वाळूचे खड्डे खणतात, त्या बंकरचं मूळ अशा खड्ड्यांत असल्याचं सांगतात. निसर्गानेच मैदान तयार करून दिलं होतं!

इंग्रज जिथे गेले तिथे हा खेळ घेऊन गेले. कोलकात्यात १८२९ मध्ये क्लब निघाला, मुंबईत १८४२ मध्ये. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे, आणि पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं १८ होलचं मैदान आहे. खेळ आगबोटीतून आला. स्कॉटलंडचा पाऊस कसा आणणार?

सुरुवातीचं उत्तर फार गमतीचं होतं: गवत सोडूनच द्या! होलच्या भोवतीचा गुळगुळीत भाग, ज्याला ग्रीन म्हणतात, तो कोरड्या मुलखात चक्क वाळूचा करत. वाळूत तेल मिसळायचं म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही, मग दाबून सपाट करायची. रंग तपकिरी, म्हणून भारतात अशा जागांना ‘ब्राऊन’ म्हणत. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागांतही हीच युक्ती चाले. ब्राऊनपासून ग्रीनपर्यंतचा प्रवास कसा झाला, ही खरी कहाणी आहे, आणि तिची सुरुवात गवताच्या शरीरापासून होते.

एक साधा प्रश्न. तुरीच्या रोपाचा शेंडा खुडला तर त्या शेंड्याची वाढ तिथेच थांबते आणि रोप बगलेतून फुटतं. मग गवताचं टोक रोज कापलं तरी तेच पान पुन्हा लांब कसं होतं? कारण गवताच्या पानाची वाढ टोकाशी होतच नाही! नव्या पेशी तयार होतात पानाच्या बुडाशी. तुम्ही कापता तो पानाचा जुना भाग, आणि नवा भाग खालून त्याला वर ढकलत असतो. ज्या गाभ्यातून नवी पानं येतात तो जमिनीलगत दडलेला. बैलाचं तोंड तिथवर पोहोचत नाही आणि यंत्राचं पातंही नाही.

ही सोय चरणाऱ्या जनावरांच्या सहवासात घडत गेली. पण हा सहवास किती जुना? याचा एक धक्कादायक पुरावा आपल्याच महाराष्ट्रात सापडला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या काळातली विष्ठा दगड होऊन पडलेली आढळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काय दिसलं? गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे इवलेसे कण! २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं याला असा ठोस पुरावा नव्हता. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या लाव्हारसातून पुढे आपली काळी माती झाली तो दख्खनवर पसरत होता त्याच काळाच्या आगेमागे, विदर्भात डायनोसॉर गवत खात होते. पुस्तकांतल्या चित्रांमध्ये डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढत नसत. ती चित्रं एका मराठी गावाने बदलायला लावली!

पण कापलं जाणं सोसणं वेगळं आणि दख्खनचं ऊन सोसणं वेगळं. इथे हरळीची दुसरी करामत येते, आणि ती समजायला श्रीरामपूरइतकी योग्य जागा नाही. कारण हीच करामत उसाकडेही आहे.

प्रत्येक वनस्पतीपुढे रोज एक पेच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा तर पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडावी लागतात. छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. बंद ठेवली तर पाणी वाचतं, पण उपासमार. मे महिन्याच्या दुपारी करायचं काय?

त्यात आणखी एक अडचण. कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर करतं, आणि त्याची एक खोड आहे: ते अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडतं. मग झालेली चूक निस्तरण्यात वनस्पतीची कमावलेली साखर आणि ऊर्जा वाया जाते. ऊन जितकं कडक तितक्या चुका जास्त. गहू, भात, हरभरा आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं ते नाजूक गवत, सगळे या खोडीचे बळी आहेत. म्हणून गव्हाला थंडी मानवते.

१९६५ मध्ये हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. ह्युगो कॉर्टशाक आणि त्यांचे सहकारी उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन देऊन तो कुठे जातो ते पाहत होते. पुस्तकाप्रमाणे तो आधी तीन कार्बनच्या संयुगात दिसायला हवा होता. उसात तो पहिल्या काही सेकंदांत चार कार्बनच्या आम्लात दिसला! ऑस्ट्रेलियात एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ पासून हा मार्ग उलगडून दाखवला.

ऊस करतो काय? तो रुबिस्कोला उघड्यावर ठेवतच नाही. पानाच्या बाहेरच्या पेशींत एक वेगळं विकर बसवलेलं असतं. ते ऑक्सिजनला अजिबात भुलत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असला तरी पकडतं. त्यातून चार कार्बनचं आम्ल होतं. हे आम्ल आत, शिरांभोवतीच्या जाड पेशींत पोहोचवलं जातं. तिथे त्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो, आणि तो इतका दाटतो की आत बसलेल्या रुबिस्कोला चुकायला वावच उरत नाही. छिद्रं थोडीशी उघडली तरी भागतं. तेवढीच वाढ करायला गव्हासारख्या पिकाला जितकं पाणी लागतं, त्याच्या जवळपास निम्म्यात काम होतं!

या पद्धतीला सी-४ म्हणतात. जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी जेमतेम ३ टक्के जातींकडे ती आहे, पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे पाव हिस्सा याच जाती उचलतात. ऊस त्यांतला, बाजरी त्यांतली, ज्वारी आणि मका त्यांतलेच. आणि हरळीसुद्धा! म्हणजे उसाच्या फडात जी झुंज चालते ती सारख्याच हत्यारांनी लढणाऱ्या दोन भावंडांची आहे. हरळी शेतकऱ्याला एवढी जड का जाते, याचं हे एक कारण.

दुसरं कारण जमिनीखाली. हरळीला दोन प्रकारची खोडं असतात. एक जमिनीवरून सरपटत जातं आणि पेरापेरावर मुळं सोडतं. दुसरं मातीच्या आत आडवं वाढतं आणि त्यात अन्नसाठा असतो. खरी मुळं तर पोषक जमिनीत दीड-दोन मीटर खोल जाऊ शकतात. पाणी संपलं की हरळी पानं वाळू देते आणि जमिनीखालची खोडं जिवंत ठेवते. आपण तिला मेलेली समजतो तेव्हा ती निजलेली असते. पाऊस आला की साठवलेल्या अन्नावर उठते. गोल्फच्या मैदानाची निगा राखणाऱ्याला याहून काय हवं? एखादं आवर्तन चुकलं तरी मैदान मरत नाही, आणि काठीच्या फटक्याने पडलेला खड्डा शेजारची खोडं स्वतःच भरून काढतात. शेतकऱ्याला छळणारा एकेक अवगुण मैदानावर सद्गुण ठरतो!

तरी बांधावरची हरळी उचलून ग्रीनवर लावली तर चालणार नाही. ती जाडसर असते, विरळ असते आणि तिला तुरे येतात. ग्रीनवर चेंडू सरळ घरंगळला पाहिजे. ही अडचण सोडवणाऱ्या माणसाचं नाव ग्लेन बर्टन. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या छोट्या शेतकी गावात त्याचं संशोधन केंद्र होतं. आपल्या हरळीची एक आफ्रिकन बहीण आहे, केसासारख्या बारीक पानांची. शार्लट कंट्री क्लबच्या एका ग्रीनवर आढळलेल्या उत्तम हरळीशी बर्टनने तिचा संकर केला. त्यातून निघालेली जात टिफग्रीन, १९५६ ची. पुढे १९६० मध्ये टिफवे आली, १९६५ मध्ये टिफड्वार्फ. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फचा रंग या जातींनी पालटला. ब्राऊन जाऊन ग्रीन आली.

यात एक सुंदर गणित दडलंय. आपल्या हरळीत गुणसूत्रांचे ४ संच, एकूण ३६. आफ्रिकन बहिणीत २ संच, एकूण १८. संकरात दोघींकडून निम्मी निम्मी येतात: १८ आणि ९, म्हणजे २७. तीन संच! तीन संचांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून हे गवत वांझ असतं, त्याला बी धरत नाही. मग ते जगभर पसरलं कसं? ऊसवाल्या शेतकऱ्याला उत्तर तोंडपाठ आहे: बेणं लावून! उसाच्या टिपऱ्या लावतात तसे या हरळीच्या खोडांचे तुकडे लावतात. त्यामुळे टिफग्रीन जिथे जिथे वाढते, तिथे तिथे ती टिफ्टनच्या त्या एकाच रोपाचा वाढत गेलेला देह आहे. आणि वांझ गवतात पुढची सुधारणा कशी करायची? त्यावर गॅमा किरण सोडून! टिफईगल ही अगदी बुटकी जात अशाच किरणांच्या माऱ्यातून निवडून काढलेली आहे.

याच ग्लेन बर्टनचं आपल्यावर आणखी एक ऋण आहे, आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यात सांगितलंच पाहिजे. गवतांबरोबर तो बाजरीवरही काम करत होता. ज्याचे पुंकेसर निकामी असतात असा बाजरीचा एक वाण त्याने टिफ्टनमध्ये तयार केला: टिफ्ट २३-ए. संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर काढायला असाच वाण लागतो. तो भारताला मिळाला, आणि लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी त्याच्यापासून १९६५ मध्ये एचबी-१ ही भारतातली पहिली संकरित बाजरी दिली. पुढे केवड्याने या बाजरीला मोठा फटका दिला आणि नवे वाण शोधावे लागले, पण संकरित बाजरीची वाट तिनेच उघडली. एकाच माणसाने श्रीमंतांच्या मैदानासाठी हरळी घडवावी आणि त्याच्याच वाणाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाकरीला हात द्यावा!

गवत मिळालं. आता माती. इथे सगळ्यात मोठं नवल जमिनीखाली पुरलेलं आहे.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण सोडत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. अशा जमिनीवर ग्रीन केली तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फरशीसारखी टणक. याउलट नुसती वाळू घातली तर पाणी क्षणात निघून जातं आणि गवत तहानेने वाळतं. मग पाणी झरझर निचरणारी आणि तरीही पाणी धरून ठेवणारी जमीन करायची कशी? या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत का?

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये याचं उत्तर छापून टाकलं. त्याचा गाभा असा: आधी जमीन खणायची. तळाशी निचऱ्याचे पाइप. त्यावर १० सेंटिमीटर खडी. खडीवर ३० सेंटिमीटर निवडक वाळू, थोड्या सेंद्रिय द्रव्यासह. बस. आणि चमत्कार घडतो वाळू नि खडीच्या सीमेवर!

धुतलेलं धोतर न पिळता दोरीवर टाकून बघा. थोड्या वेळाने वरचा भाग सुकत जातो, पण खालचा काठ ओलाच राहतो. काठाखाली मोकळी हवा आहे, गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, तरी ते पाणी गळत नाही. धाग्यांमधल्या बारीक जागांनी ते धरून ठेवलेलं असतं. ग्रीनखाली नेमकं हेच होतं. वाळूतल्या बारीक पोकळ्या पाण्याला घट्ट धरतात. खाली खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांच्यात ती ओढ नाही. म्हणून पाणी सीमेवर येऊन थबकतं आणि वाळूच्या तळाशी ओलाव्याचा थर साठतो. गवताची मुळं तिथून पाणी पितात. पण जोराचा पाऊस आला आणि वरच्या पाण्याचं वजन वाढलं, की सीमा फुटते आणि जादा पाणी धो-धो खडीतून पाइपात! तासाला १५ सेंटिमीटर पाऊस पडला तरी जिरवण्याच्या तयारीने अशी वाळू निवडतात. ना मोटार, ना झडप, ना वीज. फक्त कणांच्या आकाराचा फरक.

प्रवरेच्या लाभक्षेत्राला हा धडा फार जवळचा आहे. कालवे आले, ऊस आला, रानात पाणी सोडलं गेलं, पण निचऱ्याची व्यवस्था झाली नाही. पाणी साचलं, क्षार वर आले आणि कित्येक ठिकाणच्या सुपीक जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. पाणी देणं ही अर्धीच विद्या आहे, उरलेली अर्धी पाणी काढून देण्याची. ग्रीन बांधणाऱ्याने दुसरी अर्धी आधी शिकून घेतली.

मग येतं पातं. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं पहिलं यंत्र केलं. कल्पना सुचली कापडगिरणीत! लोकरीच्या कापडावरची लव एकसारखी कातरायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र होतं. कापडावर चालतं तर गवतावर का नाही? तोवर विळे आणि मेंढ्या हाच उपाय होता. आज त्याच तत्त्वावरची यंत्रं ग्रीनवरच्या सगळ्यात बुटक्या हरळीला ३ मिलिमीटरच्या आसपास कापतात. तीन मिलिमीटर! तुमच्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा. एवढ्याशा पानावर ती आपलं सगळं अन्न तयार करते आणि उद्या पुन्हा कापायला हजर असते.

आता तो प्रश्न, जो या भागातल्या वाचकाच्या मनात सुरुवातीपासून आहे. पाण्याचं काय?

हिशेब करूनच बघू. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. मे महिन्यात हरळीची हिरवळ दिवसाला ढोबळमानाने ६ मिलिमीटर पाणी मागते. १८ होलच्या मैदानावर निगा राखलेलं गवत ४० हेक्टरच्या आसपास धरा. ४० गुणिले ६० हजार, म्हणजे दिवसाला २४ लाख लिटर! शहरात माणशी १३५ लिटरचा निकष लावला तर हे पाणी जवळपास १८ हजार माणसांचं झालं.

हा आकडा पाहून पोटात गोळा यायलाच हवा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. ज्या राज्याने हे पाहिलंय त्या राज्यात पिण्याजोगं पाणी खेळाच्या गवतावर ओतणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

पण हिशेब इथे संपत नाही. तो उलट्या बाजूने करा. श्रीरामपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९० हजारांच्या घरात होती. त्याच निकषाने दिवसाला १ कोटी २१ लाख लिटर पाणी. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे ९७ लाख लिटर. याचा चौथा हिस्सा शुद्ध केला तरी ते अख्खं मैदान भर उन्हाळ्यात हिरवं राहील. भंडारदऱ्याच्या पाण्याचा एक थेंबही न घेता!

ही नुसती कल्पना नाही. स्कॉट्सडेलमध्ये शहराचं सांडपाणी शुद्ध करून वीसेक गोल्फ मैदानांना देतात. त्यातले क्षार गवताला सोसेनात, तेव्हा क्षार काढण्याची यंत्रणाही बसवली. फिनिक्सच्या परिसरात नव्या मैदानाला ९० एकरांहून जास्त हिरवळीसाठी पाणीच धरून देत नाहीत. मग रचनाकारांनी हिरवळीची बेटं केली आणि मधे वाळवंट होतं तसंच ठेवलं. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला की लास व्हेगास भागात निव्वळ शोभेच्या, कुणी पाय न ठेवणाऱ्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२६ नंतर मिळणार नाही. कोरड्या देशाने हिरवळ कशी करावी, याचं शहाणपण त्यांना टंचाईने शिकवलं.

आपल्याला ते शिकायला गोल्फ खेळायची गरज नाही. श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेचं मैदान आठवा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, कबड्डीत पडलं की गुडघे फुटलेले. त्या मैदानाला लागणारं गवत शेजारच्या बांधावर फुकट उगवलंय, आणि शेतकरी ते हसत उपटून देईल. गावाचं सांडपाणी ओढ्यात सुटतंय, ते गाळून, शुद्ध करून मैदानाखाली देता येईल. निचरा कसा करायचा हे गेल्या काही दशकांत जगाने शिकून ठेवलंय, आणि राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. गवत आहे, पाणी आहे, विद्या आहे.

पाण्याचा क्रम मात्र पक्का असू द्या: पहिलं पाणी माणसांना आणि जनावरांना, दुसरं पिकाला, आणि वापरून झालेलं, शुद्ध केलेलं पाणी मैदानाला. हा क्रम पाळून एका तरी नगरपालिकेने, एका तरी शाळेने हरळीचं मैदान करून दाखवावं. मुलांच्या पायाखाली हिरवळ असणं ही चैन नाही. दख्खनच्या पठारावर ती परवडेल असं गवत निसर्गाने आपल्याला आधीच देऊन ठेवलं आहे.